शंभर वर्षांच्या सागाची तान्ही रोपं

मृग निघाला की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या रस्त्यांकडेला रोपांच्या गाड्या उभ्या राहतात. फलकांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : टिश्यू कल्चर साग, टिश्यू कल्चर बांबू, टिश्यू कल्चर डाळिंब. खाली बारीक अक्षरांत एकरी उत्पन्नाचा आकडा, आणि तो नेहमी लाखांतच असतो.

टिश्यू कल्चर ही काय चीज आहे, हे या जिल्ह्याला नव्याने सांगावं लागत नाही. वसमत तालुक्यात गिरगाव-कुरुंद्याच्या केळीच्या पट्ट्यात कंद लावण्याची रीत मागे पडली आणि पिशवीतली जी-नाईन वाणाची टिश्यू कल्चर रोपं आली, त्याला बरीच वर्षं झाली. एकाच दिवशी लावलेली बाग एकसारखी वाढते, घड जवळपास एकाच वेळी कापायला येतात, कंदाबरोबर येणारे रोग टळतात. केळीने या तंत्राला शेतकऱ्याच्या मनात पत मिळवून दिली. त्याच पतीवर आता साग विकला जातो आहे, आणि माझी हरकत नेमकी इथे आहे.

केळीचा निकाल वर्षभरात लागतो. रोप खोटं निघालं, तर पुढच्या हंगामात त्या रोपवाटिकेच्या दारात कोणी उभं राहत नाही. सागाचा निकाल लागायला वीस-पंचवीस वर्षं जातात. तोवर गाडीवाला कुठे असेल, फलक कुठे असेल, आणि ज्याने रोप लावलं तो तरी शेतावर असेल का, हे कोणी सांगावं? म्हणून लाकडी झाडाच्या बाबतीत 'रोप टिश्यू कल्चरचं आहे का?' हा प्रश्न दुय्यम ठरतो. पहिला प्रश्न असा की ते कोणत्या झाडापासून केलं, आणि ते झाड कुठे उभं आहे. हा प्रश्न विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

झाडं प्रयोगशाळेत वाढवायची गरज का पडली, ते आधी पाहू. सागाचं फळ म्हणजे एक टणक गोटी. तिच्या आत चार कप्पे असतात, आणि त्यांतले बरेचदा रिकामेच. बी उगवायला आळशी. वनखात्याची माणसं फळं आलटून-पालटून भिजवतात, वाळवतात, गादीवाफ्यावर पसरतात आणि पुढच्या वर्षी रोपाचं खोड आणि मूळ छाटून बोटाएवढी जडी करतात. सागाची लागवड पिढ्यान् पिढ्या या जड्यांवर चालत आली. केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात इंग्रजांनी सागाची पहिली मोठी लागवड उभी केली. त्यातला १८४६ चा तुकडा 'कोनोलीज प्लॉट' म्हणून आजही राखलेला आहे.

जडीने रोप मिळतं, पण झाड कसं निघेल याची हमी मिळत नाही. सागाच्या फुलांचं परागीभवन कीटक करतात, आणि बहुतेक बी परक्या झाडाच्या परागाचं असतं. त्यामुळे एकाच झाडाखाली वेचलेल्या बियांतून एक पोर सरळ सोट निघतं, दुसरं वाकडं, तिसऱ्याला डोक्याएवढ्या उंचीवरच दोन फाटे. यातला फाट्याचा दोष फुलाशी जोडलेला आहे. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. पहिला फुलोरा आला की मधला शेंडा संपतो आणि खालच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या सुटतात. जे झाड लवकर फुलतं त्याचं सरळ खोड लवकर संपतं. लाकडाच्या दृष्टीने चांगला साग म्हणजे उशिरा फुलणारा साग, आणि उशिरा फुलणं हा बऱ्याच अंशी रक्तातला गुण आहे.

मग अशा झाडाचीच हुबेहूब रोपं करावीत, हे ओघानेच आलं. अडचणही तिथेच सुरू होते.

कलमी आंबा ज्याने लावला आहे त्याला हे चटकन कळेल. कोयीपासून आलेलं झाड मोहरायला वर्षानुवर्षं घेतं, पण कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहर दाखवतं. कारण कलमाची काडी जुन्या, फळत्या झाडाची असते. खुंट कोवळा असला तरी काडीला आपलं वय आठवत असतं. फळझाडात हे वय वरदान आहे. लाकडाच्या झाडात तेच आड येतं. म्हाताऱ्या झाडाच्या शेंड्याची काडी मुळं धरत नाही. धरली तरी रोप पुष्कळदा फांदीसारखं आडवं पसरतं आणि लवकर फुलतं. एक-दोन वर्षांच्या पोराची काडी हवी तशी वाढते, पण ते पोर पुढे कसं निघेल हे कोणालाच माहीत नसतं. म्हणजे झाड चांगलं आहे हे कळेपर्यंत ते वाढवता येईनासं होतं, आणि वाढवता येतं तेव्हा ते चांगलं आहे की नाही हे कळत नाही. जगभर वनशास्त्रज्ञांना या पेचाने छळलं आहे.

या पेचावरचं एक महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे एनसीएलचं, उद्घाटन जानेवारी १९५० मधलं. नावात रसायन असलं तरी तिच्या जीवरसायन विभागात डॉ. व्ही. जगन्नाथन आणि डॉ. ए. एफ. मस्कारेन्हस यांच्या गटाने वनस्पतींच्या ऊतींवर काम उभं केलं. हिंगोलीकरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट : या गटाने १९७८ मध्ये हळदीची रोपं ऊती संवर्धनाने, म्हणजे टिश्यू कल्चरने, झपाट्याने वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. डॉ. रजनी नाडगौडा त्या कामात होत्या. ज्या हळदीवर आज वसमत आणि हिंगोलीचे बाजार चालतात, ती या काचेच्या नळ्यांतून इतक्या आधी जाऊन आली आहे.

दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, याच गटाचा सागावरचा शोधनिबंध आला. पी. के. गुप्ता, नाडगीर, मस्कारेन्हस आणि जगन्नाथन यांनी सागाच्या कोवळ्या रोपांबरोबर शंभर वर्षांच्या निवडक झाडांचे डोळे घेतले आणि त्यांपासून नळीत रोपं करून दाखवली. पुढच्या वर्षी पूर्ण वाढलेल्या सुगंधी निलगिरीवर तेच केलं. वाढलेल्या झाडाची ऊती बाटलीत रमत नाही, असा समज तेव्हा पक्का होता. त्या काळात हे मोठं धाडस होतं. यातले गुप्ता पुढे अमेरिकेत गेले आणि तिथल्या डग्लस फर व पाइन वृक्षांच्या पेशींपासून थेट भ्रूण तयार करण्याच्या कामात त्यांनी नाव मिळवलं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते सांगायला हवं, कारण फलकावरच्या त्या दोन शब्दांमागे काय कष्ट असतात हे रोप विकत घेणाऱ्याला माहीत असावं.

झाडाचा डोळा आणला की तो निर्जंतुक करायचा. सागाच्या सालीत, खवल्यांत, आतल्या ऊतीतसुद्धा बुरशी आणि जिवाणू मुक्कामाला असतात. वर्षानुवर्षं पाऊस-वारा खाल्लेल्या झाडात तर जास्तच. औषध कमी पडलं तर तीन दिवसांत बाटलीभर बुरशी, जास्त झालं तर डोळाच मेला. त्यातून वाचलेला डोळा कापला की जखमेतून तपकिरी द्रव पाझरतो. हे झाडाचं संरक्षण. सागाचं लाकूड वाळवीला दाद देत नाही ते अशाच रसायनांच्या जोरावर. पण बाटलीत तोच द्रव डोळ्याला काळा पाडून मारतो. म्हणून सुरुवातीला डोळा पुन्हा पुन्हा ताज्या माध्यमावर हलवावा लागतो. कधी माध्यमात कोळशाची पूड घालतात, कधी क जीवनसत्त्व.

माध्यम म्हणजे रोपाचं जेवण : क्षार, जीवनसत्त्वं, साधारण तीन टक्के साखर, आणि घट्टपणासाठी समुद्री शेवाळापासून केलेलं अगार. सगळं १२१ अंशांवर दाबाखाली उकळून घेतलेलं. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी पाककृती मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बेतली होती. लाकडी झाडांना त्यातले काही क्षार जड जातात, म्हणून लॉइड आणि मॅकाउन यांनी १९८० च्या सुमारास एका अमेरिकन झुडपावर काम करताना वेगळं, हलकं माध्यम तयार केलं. ते आज लाकडी वनस्पतींचं माध्यम म्हणूनच ओळखलं जातं. माध्यमात दोन प्रकारची संजीवकं असतात. सायटोकायनिन वाढवलं की फुटवे येतात, ऑक्झिन वाढवलं की मुळं. हा तोल १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी मांडला, आणि सगळा धंदा त्यावर उभा आहे.

म्हाताऱ्या डोळ्याला कोवळं करण्याचा मार्ग मात्र रसायनात थोडा आणि चिकाटीत जास्त आहे. फुटवा कापायचा, नव्या बाटलीत लावायचा, त्याला आलेला फुटवा पुन्हा कापायचा. महिन्या-सव्वा महिन्याला एक फेरी. बऱ्याच फेऱ्यांनंतर पानांचा आकार बदलतो, फुटवा जोम धरतो, मुळं सुटू लागतात. झाड जणू वय विसरतं. याची दुसरी वाट शेतातही दिसते. तोडलेल्या सागाच्या बुडख्यातून जो धुमारा फुटतो, तो झाडाच्या शेंड्यापेक्षा पुष्कळ कोवळा असतो, कारण बुडखा हा झाडाचा सर्वांत आधी वाढलेला आणि वयाने न बदललेला भाग. त्यामुळे जाणती प्रयोगशाळा शेंड्यावरच्या डोळ्यापेक्षा बुडख्याच्या धुमाऱ्यावर विश्वास टाकते.

बाटलीतून बाहेर येणं हे त्याहून अवघड. आतली हवा दमट, साखर आयती. तिथल्या पानांवर मेणाचा थर नीट चढत नाही, पर्णरंध्रं बंद व्हायचं शिकलेली नसतात. असं रोप वसमतच्या उन्हात आणलं तर तासाभरात माना टाकतं. म्हणून आधी धुक्याच्या पॉलिहाऊसमध्ये, मग शेडनेटखाली, असं टप्प्याटप्प्याने हार्डनिंग करावं लागतं. रोपवाल्याने हार्डनिंगचे आठवडे वाचवले की तोटा शेतकऱ्याच्या खड्ड्यात पडतो. पिशवी फाडून मुळं पाहावीत. ती तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर ते झाड पुढे वाऱ्यात आडवं व्हायची भीती असते, मग आई, म्हणजे ज्यापासून रोप केलं ते झाड, कितीही थोर असो.

बांबूची कथा निराळी आहे आणि ती मला सगळ्यांत विलक्षण वाटते. बांबू शास्त्राने गवत, पण काम लाकडाचं. २०१७ च्या अखेरीस केंद्राने भारतीय वन कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला आणि वनाबाहेरचा बांबू तोडायला, न्यायला मोकळीक झाली. २०१९ मध्ये राज्याची अटल बांबू समृद्धी योजना आली. तिच्यातून शेतकऱ्यांना टिश्यू कल्चरची बांबू रोपं अनुदानावर मिळू लागली. मराठवाड्यात बांबूची चर्चा गावोगाव आहे.

वेळूचं बेट दशकानुदशकं फुलत नाही. काटेरी बांबू साधारण चाळीस-पन्नास वर्षांनी फुलतो, तोही एका वंशाची सगळी बेटं एकदमच, आणि बी टाकून वाळून जातो. मिझोराममध्ये १९५८-५९ ला आणि पुन्हा २००६ नंतर बांबू फुलला तेव्हा बी खाऊन उंदरांचे लोंढे वाढले आणि त्यांनी शेतं साफ केली. आधीच्या फुलोऱ्यानंतरच्या दुष्काळाने तिथलं राजकारणच बदललं. अशा बांबूला एनसीएलमध्ये नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस यांनी काचेच्या नळीत, कोवळ्या रोपावर, काही महिन्यांत फुलं आणली, बी धरायला लावलं आणि ते बी रुजलंही. मार्च १९९० मध्ये 'नेचर' या जगातल्या अग्रगण्य विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं. नारळाचं पाणी त्या माध्यमातला एक घटक होता. संकराच्या कामासाठी पन्नास वर्षं थांबायची गरज उरली नाही, म्हणून जगाने त्याची दखल घेतली.

शेतकऱ्यासाठी त्यातला मथितार्थ वेगळा आहे. बांबूच्या पेशीत एक घड्याळ असतं आणि रोपांची संख्या वाढवताना ते शून्यावर येत नाही. ज्या बेटाची ऊती घेतली ते फुलायला दहा वर्षं उरली असतील, तर त्यापासून केलेल्या लाखो रोपांनाही जवळपास तेवढीच वर्षं उरलेली असणार. एका तालुक्यात सगळ्यांनी एकच वाण, एकाच आईचा लावला आणि ती आई फुलोऱ्याच्या उंबरठ्यावर असेल, तर सगळी बेटं मिळून वाळतील. अनुदान देताना मूळ बेट कोणत्या जातीचं, कुठलं, त्याचा मागचा फुलोरा कधीचा, ही नोंद रोपाबरोबर द्यायला हवी. मला हे अनुदानाच्या रकमेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

डाळिंबाबद्दल थोडक्यात. तिथे टिश्यू कल्चरचा मुद्दा आरोग्याचा आहे. गुटी कलम ज्या झाडाचं, त्या झाडाचा तेल्या आणि मर रोग कलमाबरोबर नव्या बागेत येतो. स्वच्छ आईपासून बाटलीत केलेलं भगवा वाणाचं रोप हा वारसा तोडतं. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि जळगावची जैन इरिगेशन यांनी हे काम बरंच पुढे नेलं आहे. पण तेल्याचे जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या बागेतून येतात. रोप निरोगी असलं म्हणजे बाग निरोगी राहील असं नाही. आणि डाळिंबाचा निकाल दोन-तीन वर्षांत लागतो, म्हणून तिथे फसवणूक फार काळ लपत नाही.

सागाकडे परत येतो. १९९० च्या दशकात सागाच्या नावावर देशभर कंपन्या निघाल्या होत्या. काही हजार रुपये गुंतवा, वीस वर्षांनी लाखो घ्या. चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स त्यातली सर्वांत गाजलेली, आणि ती बुडाली तेव्हा हजारो मध्यमवर्गीयांची बचत बुडाली. त्या धड्यातून सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम आणले. आजची फसवणूक गुंतवणुकीच्या कागदावर होत नाही, रोपाच्या पिशवीवर होते. 'बारा वर्षांत तयार' हे वाक्य त्यातलं सर्वांत धोक्याचं. पाणी-खत देऊन बारा वर्षांत घेर येतो, हे खरं. पण सागाचा भाव घेराला नाही, गाभ्याला आहे. कोवळ्या झाडात पिवळसर-तपकिरी गाभा थोडा असतो, भोवतीचं पांढुरकं लाकूड जास्त, आणि त्या पांढऱ्याला वाळवी सोडत नाही. वनखात्याच्या सागाचा कापणीचा काळ साठ ते ऐंशी वर्षांचा ठेवलेला असतो, त्याला हेही एक कारण आहे. शिवाय १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात साग येतो. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते, आणि न्यायला वाहतुकीचा पास. लावलेल्या झाडांची नोंद सातबाऱ्यावर पहिल्याच वर्षी करून घ्यावी, म्हणजे पुढे तलाठ्यापासून वनपालापर्यंत कोणाला समजावत बसायची वेळ येत नाही.

प्रमाणपत्राची सोय देशात आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धत चालवली आहे. तिच्यात प्रयोगशाळेची मान्यता, विषाणूंची तपासणी आणि रोप आईसारखंच आहे का याची जनुकीय खूणगाठ, असे भाग आहेत. रोप घेताना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं नाव आणि लेबल मागावं. तरी या पद्धतीची मर्यादा ओळखली पाहिजे. नक्कल अस्सल आहे, एवढंच प्रमाणपत्र सांगतं. आई चांगली होती की नाही, आणि या मातीत ती चांगली निघेल की नाही, हे ते सांगू शकत नाही. वाकड्या सागाची एक लाख वाकडी रोपंही प्रमाणित होऊ शकतात.

ते उत्तर फक्त शेतातल्या चाचणीतून मिळतं, आणि ते मिळवलेलं उदाहरण फार दूर नाही. तेलंगणात भद्राचलमच्या आयटीसी कागद कारखान्याने १९८९ पासून निलगिरीची उत्तम झाडं निवडली, ती कापून बुडख्याचे धुमारे घेतले, धुक्याच्या खोलीत त्यांना मुळं आणली आणि निरनिराळ्या जमिनींत लावून पाहिलं. पडलेली टाकून दिली, टिकलेल्यांना क्रमांक दिले. शेतकरी तिथे रोप मागताना क्रमांक सांगतो : ३, ७, ४१३. त्या क्रमांकामागे कोणत्या जमिनीत किती टन, याचा हिशेब असतो. त्यांनी टिश्यू कल्चरसुद्धा वापरलं नाही, साध्या छाटकलमांवर भागवलं. तंत्र साधं असलं तरी चालतं, निवड कडक हवी.

हिंगोलीसाठी सागाचा असा एकही क्रमांक बाजारात मागता येत नाही. गाडीवर जे रोप मिळतं त्याची आई आलापल्लीच्या रानातली असेल, केरळातली असेल किंवा परदेशातली. आलापल्लीला पाऊस हिंगोलीपेक्षा कितीतरी जास्त पडतो. तिथला राजा औंढ्याच्या मुरमाड माळावर राजा राहील, हे गृहीत धरता येत नाही. काळ्या भारी जमिनीत पाणी साचलं की सागाची मुळं गुदमरतात, हा तर इथला रोजचा अनुभव आहे. आपल्याला हव्या आहेत त्या इथल्याच आया : पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, किनवट-पुसदच्या रानात, कळमनुरीच्या बांधांवर या भागाचे दुष्काळ सोसून उभे राहिलेले साग.

हे काम अवाढव्य नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र आणि वनखातं यांनी मिळून ते हाती घ्यावं, अशी माझी मागणी आहे. साग पावसाळ्यात फुलतो. तेव्हा रानातून फिरून ज्यांची वाढ झालेली आहे पण फाटा उंचावर आहे, जी शेजारच्यांपेक्षा उशिरा फुलली, त्या झाडांवर खूण करायची. पान गळून गेलं की खोडाचा सरळपणा दिसतो, तेव्हा त्यांतली निम्मी गळतील. उरलेल्यांसाठी झाड तोडायचीही गरज नाही. जाड फांदीचे हातभर तुकडे कापून ओल्या वाळूत, दमट सावलीत ठेवले की सुप्त डोळे फुटतात, आणि ते कोवळे धुमारे प्रयोगशाळेला पाठवता येतात. तयार रोपं लावताना शेजारी एक ओळ जडीची आणि एक ओळ बाजारातल्या टिश्यू कल्चरची लावली पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? हलकी, मध्यम आणि भारी, तिन्ही जमिनींत. पाचव्या वर्षी घेर आणि सरळपणा मोजता येईल. गाभ्यासाठी दहाव्या-बाराव्या वर्षी बोअरर नावाच्या पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी काडी काढता येते. तिच्यात पांढरं किती आणि तपकिरी किती हे सरळ पट्टीने मोजायचं, आणि तो आकडा झाडाच्या क्रमांकापुढे लिहून तालुक्याच्या कृषी कार्यालयात लावायचा.